उजवीकडून पहिली खाच

खोत सर गेले त्याच्या अकरा दिवस आधी मी त्यांना शेवटचं भेटले, आणि त्या भेटीत त्यांनी मला तोंड उघडायला लावलं. वाक्य विचित्र वाटेल, पण भेट अशीच झाली. जबड्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं बंद झालं होतं. उशाशी लहान मुलांची पाटी आणि खडू असायचा, काय हवं-नको ते त्यावर लिहायचे. मी खुर्ची ओढून बसले, “आज बरे दिसताय” असलं काहीतरी खोटं बोलले. त्यांनी पाटी पोटावर घेतली आणि लिहिलं, ‘तोंड उघडा’. मला वाटलं, औषधांच्या गुंगीत मला पेशंट समजतायत. मी त्यांच्या बायकोकडे, रुकय्या भाभींकडे, पाहिलं. त्या म्हणाल्या, “उघडा बाई, उघडा. दोन दिवस झाले, बाई कधी येतील म्हणून इचारतायत.” मग सरांनी उशीखालून टॉर्च काढला. उजवा गाल, डावा गाल, जीभ वर, जीभ बाहेर... चाळिशी उलटलेली मी बाई, एका मरणाच्या दारातल्या माणसासमोर ‘आ’ करून बसलेली. पाहून झाल्यावर त्यांनी पाटी पुसली, ‘साफ’ असा एकच शब्द लिहिला आणि डोळे मिटून घेतले. परत येताना मला रडू येत होतं की हसू, ते मलाच कळत नव्हतं.

अकरा दिवसांनी निरोप आला. त्याला आता तीन महिने झाले. त्या टॉर्चचा अर्थ मला त्या दिवशी लागला नव्हता. आता लागलाय असं वाटतं, पण लागला म्हणून बरं वाटतंय असं अजिबात नाही.

कादर खोत सर आणि मी भिवंडीच्या एकाच कॉलेजात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लागलो. ते वनस्पतिशास्त्राचे, मी प्राणिशास्त्राची. प्रयोगशाळा एकच, मध्ये कपाटांची भिंत. त्यांच्या बाजूला वाळलेली पानं, माझ्या बाजूला बरणीतले बेडूक. ते इथले जुने कोकणी मुसलमान, धाकट्या भावाचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. मी काल्हेरच्या आगऱ्यांची लेक. बोलायला लागलो की आमच्यात कोणाची मराठी जास्त गावठी आहे यावर पैज लागायची. सर शाळा उर्दूत शिकलेले. कॉलेजात इंग्रजीत शिकवायचे, पण स्वतःसाठी टिपणं काढायची तर उर्दूतच. त्यांची वही शेवटच्या पानापासून सुरू व्हायची. सुरुवातीला मी फार चिडवायचे. “सर, तुमची वही मागून सुरू होते.” ते शांतपणे म्हणायचे, “न्हाय बाई, तुमची मागून सुरू होते. माझी बरोबर हाय.” चहाच्या कपांवर त्यांनी कागद चिकटवले होते, कोणी कोणाचा कप उचलू नये म्हणून. माझ्या कपावर उर्दूत लिहिलं होतं, ‘बाई’. मला वाचता येणारा तो एकमेव उर्दू शब्द. वळण पाठ झालं होतं, इतकंच.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. मी मिश्री लावायचे. आमच्याकडे बायका लहानपणापासून लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड, सकाळी बोटानं दातांवर फिरवली की डोकं जागेवर येतं. एमएस्सी झालेली, मुलांना पेशी शिकवणारी मी, पर्समध्ये मिश्रीची चपटी डबी घेऊन फिरायची. सरांनी ती एकदाच पाहिली आणि तेव्हापासून संधी मिळेल तिथे बोलायचे. मी उलटून म्हणायचे, “आणि तुमची सुपारी?” त्यांच्या गालात कायम सुपारीचं खांड. “साधी हाय बाई, तंबाखू न्हाय त्यात.” हे भांडण पंधरा वर्षं चाललं, आणि त्यात आम्हा दोघांचाही वेळ मजेत गेला.

सरांना कॅन्सरचं वेड लागलं ते भावाच्या कारखान्यातून. लूमवर बारा तासांची शिफ्ट करणारी माणसं जाग राहावी म्हणून तंबाखू, गुटखा गालात धरून उभी असतात. आवाज इतका की बोलणं अशक्य, मग तोंडाला दुसरं काम काय? सर कारखान्यात गेले की कोणालाही धरून म्हणायचे, “अरे, मुँह खोल.” पांढरा चट्टा दिसला की मागे लागून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचे. निम्मे जायचे नाहीत. दुखत नाही तर कशाला, म्हणायचे. मग नव्वदीनंतर कधीतरी आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईत एका संशोधन संस्थेत लागला, आणि त्याच्याकडून सर ऐकून आले की चट्टा दिसायच्या आधीसुद्धा पेशीतल्या डीएनएमध्ये बदल सापडू शकतो. त्या दिवशी सर जिना धावत चढून आले होते. “बाई, साध्या चूळ भरलेल्या पाण्यात सापडतो! आणि हे आपली पोरं करू शकतात.” मी म्हटलं, आपल्याकडे सूक्ष्मदर्शकाचे आरसेसुद्धा धड नाहीत. ते म्हणाले, “आरसा लागत न्हाय त्याला.”

मग दोन वर्षं आमच्या प्रयोगशाळेत जे चाललं ते आठवलं की अजून गंमत वाटते. मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, ते पाणी हातानं फिरवायच्या यंत्रात गरगर फिरवून तळाशी पेशी जमवायच्या, उकळून डीएनए मोकळा करायचा. त्यातला हवा तेवढा तुकडा वाढवायला मोठ्या संस्थांत यंत्र असतं. आमच्याकडे तीन पातेली, तीन स्टोव्ह आणि तीन थर्मामीटर. नळी या पातेल्यातून त्या पातेल्यात, स्टॉपवॉचवर, तीस वेळा. मुलांनी त्याला आपापल्या घरचं नाव दिलं होतं, ‘शिफ्ट’. दहा फेऱ्या झाल्या की ड्युटी बदलायची. लागणारी रसायनं तो जुना विद्यार्थी संस्थेतलं उरलंसुरलं थर्मासमध्ये घालून पाठवायचा. वाढवलेला तुकडा जेलीच्या वडीतून विजेवर पळवायचा, तर आमची पेटी म्हणजे साबणाची डबी, दोन्ही टोकांना पेन्सिलीतलं शिसं आणि भिवंडीची वीज भरवशाची नाही म्हणून ट्रान्झिस्टरच्या चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. जेलीत नमुने भरायला खाचा लागतात. मी म्हटलं, “सर, उद्या एक फणी लागेल.” दुसऱ्या दिवशी सर रिक्षातून उतरले ते हातभर लांब, गंजलेली, लूमची फणी घेऊन! लूमवाल्या घरात फणी म्हणजे ज्यातून ताण्याचे, म्हणजे कापडाचे उभे, धागे जातात ती. मला केसांची हवी होती. शेवटी माझ्याच फणीचे दात कापून आठ ठेवले.

त्यातून जे दिसायचं ते सांगायला सोपं आहे. पेशींना भलतं वाढू न देणारा एक जीन असतो. त्याच्या एका जागेवर कात्रीसारखं एन्झाइम लावायचं. जागा ठीक असेल तर तुकडा कापला जातो आणि जेलीत दोन निळ्या पट्ट्या दिसतात. काही पेशींत ती जागा बिघडली असेल तर तिथे कात्री चालत नाही, आणि दोन पट्ट्यांच्या वर न कापलेली तिसरी राहते. आणि एन्झाइमच मेलं असेल तर सगळीकडे फक्त एकच पट्टी. सरांनी फळ्यावर कायमचं लिहून ठेवलं होतं, ‘ही तपासणी नव्हे, हा सराव आहे.’ मुलांकडून ते मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. घरगुती पेटीवर कोणाच्या आयुष्याचा निकाल लावायचा नाही, हे त्यांचं पक्कं होतं. म्हणजे मला तसं वाटायचं.

खऱ्या नमुन्यांचा खेळ एकदाच झाला, एरवी मुलांच्याच चुळांवर सराव. कारखान्यातल्या सहा जणांच्या चुळा, आणि तुलनेला दोन ठणठणीत माणसं, म्हणजे सर आणि मी. ठणठणीत हा शब्द आम्ही किती बिनघोर वापरला... सर म्हणाले, “आपण दोघं दोन टोकांना. आपण किनार, मधी कापड.” सकाळी मी नमुने भरले. आजवर प्रत्येक वेळी भरणं आणि पाहणं आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. त्या दिवशी मात्र मला दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षेला जायचं होतं. बॅटऱ्या जोडल्या, सर तासावर होते म्हणून एक चिठ्ठी लिहिली, ‘पहिल्या खाचेत मी, आठव्या खाचेत तुम्ही, मधे एक ते सहा’, आणि एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, सगळीकडे एकच पट्टी. बर्फ वितळला असंल. एन्झाइम गेलं.” थर्मासमध्ये बर्फ भरायचं काम माझं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा मागवू म्हटलं तर तो विद्यार्थी त्याच महिन्यात परदेशी गेला. सर म्हणाले, “जाऊ द्या, पुरं झालं आता.” मुलं हिरमुसली. मी सतरा वेळा माफी मागितली असेल, आणि दर वेळी सर असे कावरेबावरे व्हायचे की मला वाटायचं, रागावलेत, पण दाखवत नाहीत.

त्यानंतर सर बदलले. मिश्रीवरून आधी चिडवायचे, आता ओरडायला लागले. एकदा डबी माझ्या हातातून हिसकावून स्वतःच्या कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. मी दोन दिवस बोलले नाही. मग एके दिवशी म्हणाले, “रुकय्याला मुंबईला दाखवायचं हाय, बाईमाणूस सोबत पायजे, तुम्ही चला.” गेले. हॉस्पिटलात भाभींचा नंबर आला तेव्हा त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “माझं ऱ्हाऊ द्या, ह्या बाईंचं तोंड बघा.” मी थक्क! डॉक्टरांनी नीट तपासलं, गालातनं थोडं खरवडून घेतलं, पुढल्या आठवड्यात काही नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी बाहेर आले तेव्हा सर बाकावर बसले होते, गालात सुपारी. मी रागानं म्हटलं, “एवढं आलोय तर तुम्हीही दाखवून घ्या की!” ते सहज म्हणाले, “माझं साफ हाय.” कशावरून, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा फक्त माझ्या फसवणुकीचा राग आला होता. पण मिश्री त्या दिवसापासून सुटली, हेही खरं.

पुढच्या वर्षी सर एका बाजूनं जेवायला लागले. अक्कलदाढ आहे म्हणाले. मी तीनदा सांगितलं, दाखवा. दुसऱ्याच्या तोंडात टॉर्च मारणारा माणूस स्वतःच्या दाढेला लवंग लावत राहिला, आणि जेव्हा गेला तेव्हा फार उशीर झाला होता. हा एवढा हुशार माणूस इतका बेफिकीर कसा राहिला, हे कोडं मला आजारपणभर छळत होतं. कधीकधी त्यांच्या उशाशी बसून मनातल्या मनात मी त्यांना शिव्यासुद्धा दिल्या आहेत.

चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी मला बोलावून कॉलेजच्या कपाटातून घरी आलेलं खोकं समोर ठेवलं. “तुमच्या कामाचं हाय का बघा.” त्यात साबणाची डबी होती, आठ दातांची माझी फणी होती, माझी मिश्रीची चपटी डबी होती, कुलपातली. आणि एका वहीत, अर्थात शेवटच्या पानापाशी, टाचणीनं लावलेली माझी चिठ्ठी आणि एक बटर पेपर. आमच्याकडे फोटोची सोय नव्हती. जेलीवर बटर पेपर ठेवून पट्ट्या पेन्सिलीनं गिरवायच्या, ही आमची पद्धत. तो त्या दिवशीचा कागद होता. एकच पट्टी कुठेही नव्हती. आठ खाचा, सात ठिकाणी स्वच्छ दोन-दोन पट्ट्या. एन्झाइम जिवंत होतं. माझा बर्फ वितळला नव्हता. आणि कागदाच्या उजव्या टोकाच्या खाचेखाली तीन पट्ट्या. त्यांच्याखाली उर्दूत एक शब्द, माझ्या चहाच्या कपावरचा. बाई.

डाव्या टोकाला दोन पट्ट्यांखाली काय लिहिलंय, मी भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, “खुद.” म्हणजे स्वतः. आणि मग मला डाव्या बाजूचा वरचा कोपरा दिसला. तिरका कापलेला. सरांनी जेलीची कडसुद्धा इमानदारीनं गिरवली होती. पहिल्या खाचेकडचा कोपरा कापायची सवय माझी, खूण म्हणून, कधी बोलून न दाखवलेली. सरांना वाटलं असेल, जेली काढताना मोडली. मी डावीकडून भरलं होतं. पहिली खाच डावीकडची, ती माझी, दोन पट्ट्यांची. सरांनी माझी चिठ्ठी वाचली, ‘पहिल्या खाचेत मी’, आणि त्यांची पहिली खाच जिथून त्यांची वही सुरू होते तिथली होती. उजवीकडून. पंधरा वर्षं ज्या गोष्टीवरून हसलो, ती आम्ही कधी एकमेकांना सांगितलीच नाही, कारण सांगण्यासारखी वाटलीच नाही. माझ्या चिठ्ठीत ‘डावीकडून’ हा एक शब्द लिहायचा राहिला होता.

म्हणजे तिसरी पट्टी त्यांची होती. आणि हा माणूस ती माझी समजून दोन वर्षं माझ्या तोंडाची काळजी करत राहिला. मला घाबरवायचं नाही म्हणून हाताशी होतं ते खोटं उचललं, बर्फाचं. मला खोटं सांगून मुंबईला नेलं, माझी डबी कुलपात ठेवली, आणि स्वतःच्या दोन पट्ट्यांच्या भरवशावर बाकावर बसून सुपारी चघळली. ‘माझं साफ हाय.’ फळ्यावर दुसरंच लिहिणाऱ्या सरांनी त्या साबणाच्या डबीवर पुरता विश्वास ठेवला होता.

आता मला काहीच नीट कळत नाही. ती एक चिठ्ठी नीट लिहिली असती तर सर वाचले असते का? की ती तिसरी पट्टी म्हणजे अर्धवट कापलेला एक बेभरवशाचा नमुना, आणि नंतरचा आजार हा निव्वळ योग? घरगुती पेटीचं काय खरं धरायचं? मुलांना मी अजूनही हेच सांगते. परीक्षेला गेले नसते तर? त्यांनी मला खरं सांगितलं असतं, तर मी तो कागद मागितला असता आणि एका क्षणात कोपरा दाखवला असता. मला त्यांचा राग येतो. माझा जास्त येतो. आणि मग आठवतं की त्या खोट्यामुळे माझी मिश्री सुटली, कोण जाणे त्यानं काय टळलं... इतक्या उलटसुलट गोष्टी एका माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

हे छापायला द्यायच्या आधी भाभींना सांगणं भाग होतं. जाऊन कागद समोर ठेवला, कोपरा दाखवला, चिठ्ठी वाचून दाखवली, आणि म्हटलं, चूक माझ्या चिठ्ठीत होती. त्या कागदावरून बोट फिरवत राहिल्या, उजवीकडून डावीकडे. मग म्हणाल्या, “बाई, शेवटल्या रातीला... न्हाय, त्याच्या आधल्या दिवशी दुपारला, त्यांनी पाटीवर लिवलं, बाईचं साफ हाय, माझ्या जिवाचा घोर गेला. मला वाटला, गुंगीत लिवतायत. पर लई दिवसांनी ते निवांत झोपले व्हते.” मग त्यांनी उठून आतून टॉर्च आणला आणि माझ्या हातात दिला. “ह्यो तुमचाच हाय.”

तो टॉर्च आता माझ्या मोरीतल्या आरशाशी असतो. रोज सकाळी, पूर्वी मिश्री लावायचे त्या वेळेला, मी तो पेटवते आणि ‘आ’ करते. दोन्ही गाल, जीभ वर, जीभ बाहेर. सुरुवात उजवीकडून करते.